किरकोळ जखमेचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरात ‘किरकोळ’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. दुकानात तो ‘घाऊक’च्या समोर उभा असतो. घरात मात्र ज्या गोष्टीची दखल घेण्याची गरज वाटत नाही, तिला हा शब्द चिकटवून आपण मोकळे होतो. बोट कापले, ‘किरकोळ आहे’. अंगठ्यावर हातोडी बसली, ‘किरकोळ आहे’. दाभण तळहातात रुतले, ‘किरकोळ आहे, हळद लावा’. दुकानातील किरकोळ विक्रीचा मात्र पैसा न् पैसा वहीत चढतो आणि संध्याकाळी रोकड जुळली नाही तर दहा रुपयांच्या फरकासाठी अर्धा तास मोडण्यास आपली ना नसते. हाताच्या किरकोळ जखमेला हा न्याय का मिळू नये, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत घरगुती दुरुस्तीचे एक ठरलेले पंचांग आहे. होळी झाली की खानदेशात ऊन चढू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणे जळगाव-भुसावळच्या लोकांना नवे नाही. म्हणून मार्च महिन्यात माळ्यावरचे, गच्चीवरचे कुलर खाली उतरतात. जुने गवत काढणे, टाकी घासणे, पाण्याची मोटर तपासणे, पंख्याला तेल देणे ही कामे बहुतेक घरांत घरचाच कोणीतरी करतो. दुसरा हंगाम दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीचा. दुकानातील फळ्या निघतात, फलक उतरतात, घरात नवे खिळे ठोकले जातात, जुनी कपाटे हलतात. तिसरा हंगाम लग्नसराईचा. या तिन्ही हंगामांत हाताला दुखापती होतात आणि त्यांतील बहुतेक खरोखरच लहान असतात. अडचण एवढीच की, लहान दिसणारी जखम आणि लहान असणारी जखम यांतील फरक वरवर पाहून कळत नाही.

हात म्हणजे काय

एका हातात २७ हाडे असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत मिळून १४. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात. तेथून दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांच्या साहाय्याने बोटे ओढली जातात. कठपुतळीवाल्याचा हात वर आणि बाहुली खाली, तशीच ही रचना होय. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदना वाहून नेणारी नस आणि रक्तवाहिनी शेजारी शेजारी जातात. हे सारे कातडीपासून फार खोल नसते. त्यामुळे कुलरच्या पत्र्याची धार बोटाच्या आतल्या बाजूस जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिरली, तरी स्नायुबंध किंवा नस कापली जाऊ शकते. रक्त पाच मिनिटांत थांबते, जखम मिटल्यासारखी दिसते, आणि आठ-पंधरा दिवसांनी लक्षात येते की बोटाचे टोक वाकतच नाही, किंवा बोटाची एक कड बधिर झाली आहे. तोवर आतील टोके दूर सरकलेली असतात आणि जे काम सुरुवातीच्या दिवसांत तुलनेने सोपे होते, ते अवघड होऊन बसते.

सोने पारखणाऱ्या सराफाच्या, कापडाचा पोत चिमटीत पाहणाऱ्या कापड व्यापाऱ्याच्या, डाळीचा दाणा बोटांत फिरवून ओलावा ओळखणाऱ्या अडत्याच्या दृष्टीने बोटाच्या टोकाची संवेदना हे त्याचे भांडवल आहे. त्या भांडवलाची घट वहीत दिसत नाही म्हणून ती होत नाही असे नव्हे.

कोणत्या कामात कोणती इजा

इजांचे प्रकार ओळखले की सावधपणा आपोआप येतो.

पहिला प्रकार पत्र्याच्या धारेचा. जुन्या कुलरचा पत्रा गंजून कडेला कातरल्यासारखा होतो. जाळी काढताना बोटे नेमकी त्याच कडेवर जातात. येथे कातडी हातमोजे वापरावेत आणि जाळी ओढण्याऐवजी आधी सर्व स्क्रू सैल करावेत. कुलरच्या बाबतीत दुसरे भय विजेचे. धातूचे शरीर, पाणी आणि जुनी वायर हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून बाजूला ठेवावा. गळती होताच प्रवाह तोडणारा, ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी घरात बसवलेला असणे ही चैन नव्हे. विजेच्या धक्क्याने हातावर उमटलेला डाग वाटाण्याएवढा असला तरी आतील ऊतींना व हृदयाच्या ठोक्यांना इजा झालेली असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

दुसरा प्रकार स्क्रू ड्रायव्हरचा. खेळणे, रिमोट किंवा प्लग डाव्या तळहातात धरून उजव्या हाताने स्क्रू फिरवण्याची सवय सर्वत्र आहे. ड्रायव्हर निसटला की तो सरळ तळहातात जातो. वस्तू टेबलावर ठेवावी, शक्य तर शिकंज्यात धरावी. खिळा ठोकतानाही तेच. लहान खिळा बोटांऐवजी पकडीने किंवा जुन्या कंगव्याच्या दात्यांत धरला तर हातोडी चुकली तरी अंगठा वाचतो.

तिसरा प्रकार दुकान आणि गुदामातला. खोकी उघडताना कटर स्वतःकडे ओढणे, ताणलेली पॅकिंग पट्टी तोंड जवळ नेऊन कापणे, पोती शिवताना दाभण समोरच्या हातावर येणे, आणि संध्याकाळच्या घाईत शटर खाली ओढताना पट्ट्यांच्या फटीत बोट सापडणे. धुळ्याच्या आग्रा रोडवर असो की जळगावच्या दाणा बाजारात, शटरची ही इजा दुकानदारांना चांगली ठाऊक आहे. पट्टी कापताना ती उसळून डोळ्यालाही लागते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. शटरला खाली हँडल असते ते धरावे, पट्टीची फट धरू नये.

चौथा प्रकार यंत्रांचा. अलीकडे ड्रिल मशीन आणि ग्राइंडर घरोघरी आले आहेत. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेते. त्यावरील संरक्षक कवच काम सोपे व्हावे म्हणून काढून टाकणे आणि धातूसाठी असलेल्या यंत्राला लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवणे, या दोन गोष्टी कधीही करू नयेत. फिरणाऱ्या ड्रिलजवळ सैल हातमोजे, उपरण्याचे टोक किंवा लांब बाही नसावी. पत्र्याच्या कामात जे हातमोजे रक्षण करतात, तेच ड्रिलमध्ये गुंतले तर बोट ओढून नेतात. साधन बदलले की सावधपणाचा नियमही बदलतो.

पाचवा प्रकार चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा. दोन बोटे चिकटली तर ओढून सोडवू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवीत सोडवावीत. हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर अधिक प्रमाणात सांडला तर उष्णता निर्माण होऊन भाजते, हे कापसाच्या मुलखात राहूनही फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून सांडलेला गोंद सुती फडक्याने पुसू नये.

सहावा प्रकार सर्वांत फसवा. रंगाच्या फवारा यंत्रातून किंवा गॅरेजमधील ग्रीसच्या पंपातून उच्च दाबाचा फवारा बोटात शिरला, तर बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि सुरुवातीला वेदनाही फारशी नसते. आत मात्र रंग किंवा ग्रीस बोटभर पसरलेले असते. अशी जखम त्याच तासात शल्यचिकित्सकाला दाखवण्याची असते. ‘किरकोळ’ या शब्दाने सर्वाधिक हानी येथे होते.

इतिहासाने लिहून ठेवलेले धडे

बोटाच्या एका लहान जखमेने वैद्यकशास्त्राची दिशा बदलल्याची नोंद आहे. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे याकोब कोलेच्का नावाचे वैद्यक प्राध्यापक शवविच्छेदन करीत असताना विद्यार्थ्याच्या हातातील सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली. थोड्याच दिवसांत जंतुसंसर्ग सर्वांगात पसरून त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांनी विच्छेदनाचा अहवाल पाहिला, तेव्हा रुग्णालयात प्रसूतीनंतर तापाने दगावणाऱ्या मातांच्या शरीरात जे बदल दिसत, तेच येथे दिसले. त्यावरून त्यांनी ताडले की विच्छेदन करून आलेल्या हातांनीच रोग मातांपर्यंत पोहोचतो, आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. त्या विभागातील मातांचे मृत्यू झपाट्याने घटले. आज आपण जेवणापूर्वी आणि जखम बांधण्यापूर्वी हात धुतो, त्यामागे एका बोटावरचा तो ओरखडा आहे.

दुसरी नोंद धनुर्वाताची. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध ब्रुकलिन पुलाचे रचनाकार जॉन रोबलिंग यांचे पाऊल १८६९ च्या जून महिन्यात मोजणीचे काम चालू असताना धक्क्याला लागणाऱ्या बोटीखाली चिरडले. बोटे काढावी लागली, आणि महिन्याभरातच धनुर्वाताने त्यांचा अंत झाला. पूल पुढे त्यांच्या पुत्राने व सुनेने पूर्णत्वास नेला. १८८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी बर्लिनमध्ये धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला, आणि पुढच्याच वर्षी बेरिंग यांच्यासह प्रतिविषाचा मार्ग दाखवला.

गंजलेल्या खिळ्यामुळे धनुर्वात होतो, ही आपल्याकडील पक्की समजूत अर्धीच खरी आहे. गंज हे कारण नाही. धनुर्वाताच्या जंतूची बीजे मातीत, धुळीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. खिळा जमिनीत पडून असतो म्हणून तो गंजतो आणि म्हणूनच त्यावर बीजे असण्याचा संभव असतो. चकचकीत नव्या दाभणालाही गुदामाच्या जमिनीवरची धूळ लागलेली असते. खोल आणि अरुंद जखमेत हवा पोहोचत नाही, आणि या जंतूला तेच मानवते. म्हणून रुंद कापण्यापेक्षा टोचलेली जखम या बाबतीत अधिक संशयास्पद मानावी. लक्षणे बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही सुरू होतात. जबडा आखडणे हे पहिले चिन्ह, आणि तोवर मूळ जखम भरूनही गेलेली असते.

तिसरी नोंद मात्र स्वयंपाकघरातली आणि सुखान्त आहे. अमेरिकेत १९२० मध्ये अर्ल डिक्सन नावाचा एक गृहस्थ मलमपट्टीचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीत कापूस खरेदीचे काम पाही. त्याची पत्नी जोसेफिन स्वयंपाक करताना वरचेवर बोटे कापून घेई. तिला एकटीलाही पट्टी लावता यावी म्हणून त्याने चिकटपट्टीवर ठरावीक अंतराने स्वच्छ कापडाचे तुकडे लावून ठेवले. त्यातूनच आज प्रत्येक मेडिकल दुकानात मिळणारी तयार पट्टी जन्मास आली. कापूस खरेदी करणाऱ्याच्या घरची ही सोय खानदेशातील कापूस व्यापाऱ्यास आपलीशी वाटावी.

पहिली दहा मिनिटे

जखम झाल्यावर पहिले काम यंत्र बंद करण्याचे. दुसरे काम अंगठी काढण्याचे. बोट सुजू लागले की अंगठी निघत नाही आणि पुढे ती कापावी लागते. आपल्या समाजात पुरुषांच्याही बोटांत दोन-दोन अंगठ्या असतात, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते. हत्यार हाती घेण्यापूर्वीच त्या उतरवून ठेवल्या तर उत्तमच.

मग स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटे दाबून धरावे आणि हात छातीच्या वर ठेवावा. थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलू नये, कारण त्याने तयार झालेली गुठळी निघते. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळून बांधण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्याने पुढच्या भागाचा रक्तपुरवठाच तुटतो. रक्त आटोक्यात आले की नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटे जखम धुवावी, भोवतीची कातडी साबणाने स्वच्छ करावी आणि कोरडी स्वच्छ पट्टी बांधावी.

हळद, चहाची पूड, कॉफी, चुना, रॉकेल, राख यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळदीच्या गुणांविषयी आदर असावा, तो स्वयंपाकात व्यक्त करावा. डब्यातील हळद निर्जंतुक नसते, शिवाय ती जखमेत भरली की आत किती खोल गेले आहे हे डॉक्टरांना पाहता येत नाही आणि आधी ती खरवडून काढावी लागते.

यानंतर दोन साध्या परीक्षा घ्याव्यात. बोटाचा प्रत्येक सांधा, विशेषतः टोकाचा, स्वतंत्रपणे वाकवून आणि सरळ करून पाहावा. जखमेच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडांना हलका स्पर्श करून दुसऱ्या हाताच्या बोटाशी तुलना करावी. हालचाल अपुरी किंवा स्पर्श वेगळा वाटला, तर जखम कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

दहा मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, जखमेच्या कडा उघड्या राहणे, काच, लाकडाची कुसळ किंवा धातूचा तुकडा आत राहिल्याची शंका, सांध्यावरची जखम, बोट वाकडे दिसणे, नखाखाली काळे रक्त साठून ठसठस असह्य होणे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली, सूज, पू, ताप किंवा हातावर वर सरकणारी लाल रेषा दिसणे. यांपैकी एकही असेल तर वाट पाहू नये. टाके घालायचे असतील तर ते शक्यतो सहा ते आठ तासांत घातलेले बरे. नखाखालचे रक्त काढण्यासाठी घरी तापवलेली सुई वापरू नये. खाली हाड मोडलेले असू शकते आणि ते एक्स-रेशिवाय कळत नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी ही यादी आणखी कडक आहे. बैठ्या व्यापाराच्या कुटुंबांत हा विकार किती घरांत आहे, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. मधुमेहात स्पर्शज्ञान मंदावते, त्यामुळे जखम दुखत नाही, आणि ती दुखत नाही म्हणूनच भरत आली असे वाटते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांचे रक्त थांबण्यास वेळ लागतो. ही दोन्ही गोष्टी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगाव्यात.

धनुर्वाताच्या लसीचा हिशेब तर वहीत लिहूनच ठेवावा. सरकारी कार्यक्रमानुसार बालपणीच्या मात्रा होतात, पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी दिली जाते, आणि त्यानंतर पुरुषांना तिची आठवण राहत नाही. दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. जखम मळलेली किंवा खोल असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर डॉक्टर नवी मात्रा देतात. पूर्वी लस झाली की नाही हेच ठाऊक नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे, कारण तेव्हा उपचार वेगळा असतो. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जाहीर झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तो मातीतून येतो. त्यामुळे शेजाऱ्यांनी लस घेतल्याचा लाभ आपल्याला मिळत नाही. येथे प्रत्येकाचे खाते स्वतंत्र आहे, संयुक्त खाते नाही.

बोटाचा तुकडा वेगळा झालाच, तर घाबरून तो बर्फात टाकू नये. स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श तुकड्याला मारतो. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांची रुग्णालये आपल्याजवळ आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया नेमकी कोठे होईल, याची चौकशी दूरध्वनीवर करूनच निघावे. नाशिक वा छत्रपती संभाजीनगरपर्यंत जायचे झाल्यास रस्त्यात तीन तास जातात, आणि भर उन्हाळ्यात तो तुकडा थंड राहणे फार महत्त्वाचे ठरते.

बँकेच्या खिडकीतून

माझी सारी नोकरी बँकेत गेली. मार्चअखेरीस एक दृश्य हमखास दिसे. एकीकडे वर्षअखेरीची धावपळ, दुसरीकडे घरी कुलर उतरवण्याचा हंगाम, आणि या दोहोंच्या मध्ये उजव्या हाताला पट्टी बांधलेला एखादा व्यापारी. एका पेढीच्या मालकांची तर्जनी पत्र्याने कापली होती. घाव बोटभरही नव्हता. पण सही जमेना. खात्यावर सहीचा अधिकार एकट्या त्यांचाच. ३१ मार्चपूर्वी द्यायचे धनादेश तसेच पडून राहिले आणि वाकड्यातिकड्या सहीचा एक धनादेश परत आला. पुढे बोट बरे झाले. पुरवठादाराशी असलेले वीस वर्षांचे नाते सांधण्यास मात्र त्याहून अधिक काळ लागला.

सही जुळत नाही म्हणून परत गेलेला धनादेशही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा हाताला इजा झाली असेल तर धनादेश देण्याआधी समोरच्यास कळवावे आणि दुसऱ्या मार्गाने रक्कम पाठवावी. त्याहून चांगले म्हणजे पेढीच्या खात्यावर पत्नी, पुत्र, सून वा भाऊ यांपैकी कोणाला तरी सहीचा अधिकार आधीच दिलेला असावा. आजारपण किंवा इजेमुळे सही करता येत नसेल, तर बँकेस ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष अंगठा घेऊन पैसे काढता येतात, त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असतो. निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा उमटत नसेल, तर आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे.

विम्याविषयीही दोन शब्द. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून आहे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हातांसारखी संपूर्ण हानी झाल्यास दोन लाख आणि एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास एक लाख रुपये मिळतात. बोट गेल्यास या योजनेतून काही मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा लागतो. त्यात बहुधा बोटांच्या हानीचे टक्के ठरलेले असतात आणि काम बंद राहिल्यास साप्ताहिक भरपाईचीही तरतूद असू शकते. आपली पॉलिसी कपाटातून काढून ते पान एकदा वाचावे. दुकानातील नोकरास इजा झाली तर उपचाराची जबाबदारी मालकाची आहे, हे कायद्याने सांगण्यापूर्वीच आपल्या परंपरेने सांगितलेले आहे.

घेणे आणि ठेवणे

आपल्या घरात लहानपणापासून कानावर पडणारा एक शब्द या विषयाला नेमका लागू पडतो. पाच समितींपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना राखावयाचे भान. साधूंच्या आचारातील हा नियम सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. पण तेच भान हत्यारांच्या पेटीलाही लावता येते. घरातील निम्म्या इजा हत्यार वापरताना होतात असे वाटते. प्रत्यक्षात करवत उघडी ठेवलेली असते, कटरचे पाते आत ओढलेले नसते, ड्रिलचे टोक काढलेले नसते, आणि दुसराच कोणीतरी त्या खणात हात घालतो. ज्याने उचलले त्यानेच पाते मिटून, जागच्या जागी ठेवावे, हा नियम घरात असला तर बराचसा प्रश्न मिटतो.

मुलांच्या बाबतीत याचे मोल फार मोठे आहे. १८१२ च्या सुमारास फ्रान्समधील कूव्रे या गावी खोगिरे बनवणाऱ्या एका कारागिराचा तीन वर्षांचा मुलगा वडिलांच्या कामाच्या खोलीत अरी घेऊन खेळत होता. चामड्यावरून ती निसटली आणि डोळ्यात गेली. जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि काही काळातच तो पूर्ण अंध झाला. तो मुलगा म्हणजे लुई ब्रेल. पुढे त्याने अंधांना लिपी दिली, आणि ती उठवलेल्या ठिपक्यांची लिपी कागदावर टोचण्याचे साधनही अरीसारखेच टोकदार आहे. प्रत्येक घरातील अपघातातून असे तेज जन्माला येत नाही. बहुतेक घरांच्या वाट्याला फक्त अपघात येतो. म्हणून दाभण, अरी, कटर ही पोरांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर, कुलूप असलेल्या खणातच असावीत.

मुलांना हत्यारांपासून पूर्णपणे दूर ठेवावे असे मात्र माझे मत नाही. खिळा ठोकता न येणारा, प्लग जोडता न येणारा तरुण परावलंबी होतो. दहा-बारा वर्षांच्या नातवास किंवा नातीस शेजारी बसवावे, डोळ्यांवर चष्मा चढवावा, वस्तू शिकंज्यात कशी धरावी, पाते शरीरापासून दूर कसे चालवावे, हे दाखवावे आणि काम संपल्यावर हत्यार पुसून ठेवण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे.

घरात एक लहान डबा करावा. त्यात निर्जंतुक गॉझच्या पुड्या, रोलर पट्टी, तयार चिकटपट्ट्या, कात्री, चिमटा, साबणाची वडी आणि एक वही असावी. त्या वहीत घरातील प्रत्येकाच्या नावापुढे धनुर्वाताच्या शेवटच्या मात्रेची तारीख, मधुमेह असल्यास तसा उल्लेख, चालू औषधे आणि जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहावा. दर दिवाळीला वहीपूजनाच्या आधी दुकानाची जुनी वही बंद करताना ही वहीही एकदा उघडून तारखा तपासाव्यात. दोन्ही वह्या पाहण्यास मिळून दहा मिनिटे पुरतात.